धूळकोट आणि नावांचा पूल

दिवाळीच्या दिवसांत आमच्या अंगणात दरवर्षी किल्ला होतो. चार विटा, थोडे दगडधोंडे, जुन्या गोणपाटाचे तुकडे आणि चाळलेली लाल माती एवढ्या भांडवलावर नातवंडे गड उभारतात, त्यावर अळीव पेरतात, शिखरावर सिंहासन मांडतात आणि वाटावाटांवर मातीचे मावळे उभे करतात. यंदा धाकट्या नातवाने ह्या परंपरेत थोडी भर घातली. गडाच्या पायथ्याशी त्याने एक नदी खणली, काड्यापेट्यांच्या रिकाम्या पेट्या ओळीने मांडून तिच्यावर पूल बांधला, आणि पुलाच्या तोंडाशी वीतभर उंचीचा मातीचा बांध अर्धचंद्राच्या आकारात घातला. थोरली नात त्यास हसली. "किल्ला डोंगरावर असतो रे. हा बांध तर कोणीही लाथेने उडवील!" बिचारा हिरमुसला, आणि माझ्याकडे येऊन त्याने विचारले, "आजोबा, मातीचा किल्ला कधी खरोखर लढला आहे का?"

मी म्हणालो, "लढला आहे, बाळ. आणि तो आपल्याविरुद्ध लढला आहे."

हे उत्तर ऐकून अंगणात जी शांतता पसरली, तिच्यातून प्रस्तुत लेख निघाला आहे. सह्याद्रीच्या दगडी गडांच्या कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मातीच्या तटापुढे शिंद्यांची फौज पाच महिने अडून राहिली, त्याची कथा मात्र आपण एका वाक्यात आटोपतो. नजीबखान कपटी होता, त्याने दत्ताजीस फसविले, असे म्हटले की आपले समाधान होते. शाळेत इतिहास शिकविताना मीही कित्येक वर्षे मुलांस इतकेच सांगत आलो. सेवानिवृत्तीनंतर सवडीने वाचू लागलो, तेव्हा ध्यानी आले की आपण मुलांस अर्धेच सांगितले. कपट होतेच, पण कपटाने पाच महिने तट उभा राहत नाही. तो कशाने उभा राहिला, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

मातीचे बळ

मातीच्या तटास आपल्या भाषेत धूळकोट म्हणतात. नाव ऐकताच फुंकरीने उडून जाईल अशी काही वस्तू डोळ्यांपुढे येते. पण आपल्या पूर्वजांनी तिला तुच्छ लेखले नव्हते. मनूने दुर्गांचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत महीदुर्ग आणि जलदुर्ग हे दोन आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तर पद्धतच दिली आहे. नगराभोवती तीन खंदक खणावेत, त्यांची रुंदी अनुक्रमे चौदा, बारा व दहा दंड असावी. त्यांतून निघालेल्या मातीचा वप्र रचावा, तो हत्ती व बैल ह्यांच्याकडून तुडवून घट्ट करावा, आणि त्यावर काटेरी झुडपे व विषारी वेली लावाव्यात. मेघदूत वाचलेल्या वाचकांस वप्रक्रीडा हा शब्द परिचित असेल. हत्ती ज्या उंचवट्यास धडका देत खेळतो तो वप्र, आणि नगराच्या रक्षणार्थ घातलेला मातीचा बांधही वप्रच.

ह्या रचनेत एक मोठी काटकसर आहे. खंदक खणला की माती निघते, आणि ती आतल्या अंगास रचली की तट होतो. म्हणजे एकाच श्रमात दोन कामे साधतात. शत्रूपुढे खड्डा पडतो आणि आपल्यापुढे आडोसा उभा राहतो. चुना नको, पाथरवट नको. हजार दोन हजार हात आणि तितकी कुदळ-फावडी मिळाली म्हणजे काही दिवसांत मैलभर मोर्चेबंदी होऊ शकते.

तोफा आल्यावर तर मातीचे मोल वाढले. दगडी भिंतीवर गोळा आदळला की चिरा फुटतो, सांधे ढिले होतात, कपच्या उडून आतलीच माणसे जायबंदी होतात. मातीच्या जाड तटात गोळा रुतून बसतो. दिवसभराच्या माऱ्याने जे भगदाड पडते, ते रात्री टोपल्या टाकून बुजविता येते. ह्याची साक्ष भरतपूरने दिली. इ. स. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रज सेनापती लेक ह्याने त्या मातीच्या कोटावर चार वेळा हल्ला चढविला. आत जाटांचा राजा रणजितसिंह होता आणि त्याच्या आश्रयास आलेले आमचे यशवंतराव होळकर होते. चारही हल्ले परतले, आणि इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून तीन हजारांहून अधिक माणसे खर्ची पडली.

धूळकोटास व्यंगे नाहीत असे मात्र नाही. पावसाने तो खचतो. रेताड जमिनीत तो उभाच राहत नाही. आणि त्याचे मुख्य व्यंग असे की, तो माणसांस आडोसा देतो, अन्न देत नाही. गडावर कोठारे असतात, टाकी असतात. घाईने उभारलेल्या मोर्चात बहुधा ह्यांपैकी काहीच नसते. म्हणून जाणता सेनापती असा कोट नदीच्या उताराशी घालतो. दोन्ही टोके पाण्यास टेकवावीत, तोंड शत्रूकडे करावे, आणि पाठीशी नावांचा पूल ठेवावा. मग पुलावरून धान्य येते, दारूगोळा येतो, ताजी माणसे येतात, आणि प्रसंग पडल्यास निघूनही जाता येते. कोट पुलाचे रक्षण करतो आणि पूल कोटाचे पोषण करतो. हा परस्पराश्रय नजीबखानास पुरता उमगला होता.

शुक्रताल

शुक्रताल हे स्थान गंगेच्या पश्चिम तीरावर, आजच्या उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यात आहे. शुकमुनींनी परीक्षित राजास भागवत सांगितले ते ह्याच ठिकाणी, अशी श्रद्धा आहे, आणि एक पुरातन वटवृक्ष आजही यात्रेकरूंस दाखविला जातो. जेथे मृत्यूची वाट पाहणाऱ्या राजाने सात दिवस कथा ऐकली, तेथेच शके १६८१ मध्ये, म्हणजे इ. स. १७५९ साली, मराठ्यांच्या उत्तरेतील भाग्याचा एक मोठा प्रश्न अडकून पडला.

पूर्वपीठिका अशी. राघोबादादांच्या स्वारीने १७५८ मध्ये लाहोर मराठ्यांच्या हाती आले होते. परंतु जिंकलेले टिकविणे आणि डोईजड झालेले कर्ज फेडणे ही कामे शिल्लक होती. नानासाहेब पेशव्यांनी ती दत्ताजी शिंदे ह्यांजवर सोपविली. गंगापार होऊन पूर्वेकडे, बिहार-बंगालच्या रोखाने स्वारी करावी व पैसा उभा करावा, असा बेत होता. त्यासाठी गंगा उतरणे आले, आणि गंगा उतरण्यास नावा पाहिजेत. त्या प्रदेशात नावा, घाट आणि माणसे रोहिल्यांचा सरदार नजीबखान ह्याच्या मुठीत होती. नजीबाने पूल बांधून देण्याचे मान्य केले, आणि आज देतो, उद्या देतो असे म्हणत पावसाळा गाठला.

पूल त्याने बांधला. पण तो दत्ताजीच्या उपयोगाकरिता नव्हे. शुक्रतालास गंगेच्या काठची जमीन घळींनी फाटलेली आहे. घोडदळ तेथे फळी धरून धावू शकत नाही. त्या घळींच्या आश्रयाने नजीबाने मोर्चे घातले, खंदक खणले, मातीचे बुरूज चढविले, तोफा मांडल्या. आणि पाठीमागे गंगेवर नावांचा पूल राखून पलीकडच्या रोहिलखंडाशी आपले दळणवळण अखंड ठेवले. गंगेच्या पलीकडे त्याने स्वतः वसविलेले नजीबाबाद होते, आणि त्याजवळ पत्थरगड नावाचा त्याचा पक्का किल्ला होता. म्हणजे शुक्रताल हा एकटा कोट नव्हताच. तो एका दरवाजाचा उंबरठा होता, आणि घर उंबरठ्याच्या आत, नदीपलीकडे होते.

पाच महिने

शिंद्यांची फौज त्या काळातील नामांकित फौज. तिचे बळ घोड्यात आणि वेगात. पावसाळ्यात दुआबाच्या चिखलात घोडा पोटापर्यंत रुते, आणि वेग म्हणून काही राहिला नाही. सप्टेंबरात मोर्चांवर हल्ला करून पाहिला. घळींतून आणि तटावरून झालेल्या माऱ्यापुढे तो फसला व चांगली माणसे पडली. त्यानंतर वेढ्याचे रूप विलक्षण झाले. वेढा म्हणजे चारही बाजूंनी कोंडणे. येथे तीन बाजूंस मराठे होते आणि चौथ्या बाजूस गंगा होती. त्या चौथ्या बाजूने नजीबास दररोज धान्य पोहोचत होते. वेढा घालणाराच उघड्यावर भिजत होता आणि वेढलेला पोट भरून बसला होता.

दत्ताजीस हे कळले नाही, असे समजणे त्या वीरावर अन्याय करण्यासारखे आहे. त्यास ते कळले, आणि त्याने योग्य तोच उपाय योजला. पावसाळा ओसरताच त्याने गोविंदपंत बुंदेले ह्यांस सैन्य देऊन वर हरिद्वाराच्या बाजूस पाठविले. पंतांनी तेथे गंगा उतरून रोहिल्यांच्या मुलखात प्रवेश केला आणि नजीबाबादच्या आसमंतात धामधूम मांडली. कोटास समोरून धडक न देता पुलाचे पलीकडचे टोक पकडावे, हा त्यातील हेतू. हेतू अचूक होता. बळ मात्र अपुरे पडले.

कारण त्याच सुमारास अवधचा नवाब शुजाउद्दौला नजीबाच्या साह्यास आला. मराठे गंगापार झाले तर पुढची पाळी आपली, हे त्यास स्पष्ट दिसत होते. त्याच्या फौजेच्या आघाडीस अनूपगिर गोसावी होता. ह्या गोसाव्यांनी व रोहिल्यांनी मिळून पंतांच्या तुकडीस मागे रेटले, आणि पंतांस गंगा पुन्हा अलीकडे उतरावी लागली. पुलाचे पलीकडचे टोक नजीबाच्याच हाती राहिले. इतक्यात वायव्येकडून साबाजी शिंदे पंजाब सोडून छावणीत आले आणि अहमदशहा अब्दाली सिंधू उतरून येत असल्याचे वर्तमान त्यांनी आणले. नजीबाने त्यास आमंत्रण पाठविलेलेच होते. पुढे कोट, पाठीवर अब्दाली, अशी स्थिती झाली. मार्गशीर्षात, म्हणजे १७५९ च्या डिसेंबरात, दत्ताजीने वेढा उठविला.

येथे एक लोकप्रिय कथा आड येते. मल्हारराव होळकरांनी शिंद्यांस सल्ला दिला की, नजीबास पुरता मारू नका, तो मेला तर पेशवे तुम्हा-आम्हास धोतरे बडवावयास लावतील. बखरकारांनी रंगविलेली ही गोष्ट मी वर्गात मोठ्या चवीने सांगत असे, आणि मुले हसत. होळकरांचा नजीबाविषयी पक्षपात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शुक्रतालास दत्ताजी नजीबास वाचवीत बसला नव्हता. तो त्यास मारावयास गेला होता आणि माती व पाणी ह्या दोहोंनी त्यास अडविले होते. एका माणसाच्या माथी दोष मारला की गोष्ट लवकर संपते. घळी, पूल, पाऊस आणि पलीकडचे टोक ह्यांचा हिशेब मांडावयाचा म्हणजे नकाशा घेऊन बसावे लागते. तेवढे कष्ट मी घेतले नव्हते.

बुराडीचा घाट

पुढील प्रसंग सर्वांच्या तोंडी आहे. पण तो शुक्रतालाच्या शेजारी ठेवून क्वचितच पाहिला जातो. शुक्रतालाहून निघालेला दत्ताजी अब्दालीच्या आघाडीशी तरावडीजवळ झगडला आणि दिल्लीच्या रोखाने मागे सरला. अब्दाली यमुना उतरून दुआबात नजीबास मिळाला. आता पात्र उलटले. नदीच्या उतारावर पहारा करण्याची पाळी मराठ्यांवर आली.

दिल्लीच्या उत्तरेस बुराडीचा घाट आहे. पौषात यमुनेचे पाणी उतरते, पात्रात बेटे उघडी पडतात आणि त्यांवर उंच शेरणीचे वन माजते. १० जानेवारी १७६० हा मकरसंक्रांतीचा दिवस. रोहिले त्या वनाच्या आडून बंदुका व लहान तोफा घेऊन पात्रात उतरले, आणि अलीकडच्या चौकीवर मारा सुरू झाला. मराठ्यांच्या हाती प्रामुख्याने तलवारी व भाले होते. वनातून धूर दिसे, माणूस दिसत नसे. दत्ताजी स्वतः धावून गेला आणि गोळी लागून पडला. पुढे कुतुबशहाने त्याचे शिर कापले. त्या वेळी झालेली प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील मुलामुलांस पाठ आहेत. ती येथे पुन्हा लिहीत नाही.

आडोशाचे महत्त्व ह्याहून अधिक कोठे पटणार? शुक्रतालास आडोसा मातीचा होता आणि तो शत्रूचा होता. बुराडीस आडोसा शेरणीचा होता, आणि तोही शत्रूच्याच कामी आला. शौर्यात उणे कोठेच नव्हते. महिनाभराच्या अंतराने दोन नद्यांच्या दोन उतारांवर एकाच सेनापतीस आडोशाने दोनदा हरविले.

तिथींविषयी एक खुलासा करून ठेवतो. हल्ली संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. म्हणून पानिपतचा संग्राम, जो १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, तो संक्रांतीच्याच दिवशी झाला असा समज पसरला आहे. अयनचलनामुळे आणि इंग्रजी पंचांगातील फरकामुळे त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडत असे. पानिपताच्या वर्षी ती चार दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांतीच्या दिवशी खरोखर पडला तो दत्ताजी.

पानिपतासही भाऊसाहेबांनी छावणीभोवती खंदक खणून मातीचा तट घातला होता व त्यावर तोफा चढविल्या होत्या. तो तट शत्रूने फोडला नाही. १७६० च्या ऑक्टोबराच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे व दिल्ली ह्यांच्या मध्ये येऊन बसला, आणि तटाच्या पाठची वाट तुटली. रसदेची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले, ज्यांनी वर्षापूर्वी गंगा उतरून नजीबाची वाट तोडू पाहिली होती, तेच डिसेंबरात अचानक छाप्यात मारले गेले. अडीच महिन्यांनी उपाशी फौज आपणहून तटाबाहेर पडली. तट शेवटपर्यंत शाबूत होता, आतले अन्न संपले होते. ह्यापलीकडे पानिपताविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

पुन्हा शुक्रताल

आता ह्या कथेचा जो भाग घराघरांतून सर्वांत कमी सांगितला जातो, त्याकडे येतो.

नजीबखान १७७० मध्ये मेला. त्याचा मुलगा झाबेताखान त्याच्या जागी आला, आणि बापाची युक्ती त्यास वारशात मिळाली होती. पुढल्याच वर्षी मराठ्यांनी दिल्ली ताब्यात घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत शहा आलम बादशहास तेथे आणून बसविले. त्यानंतर महादजी शिंदे, विसाजी कृष्ण बिनीवाले प्रभृती सरदार बादशहास सवे घेऊन झाबेताखानावर चालून गेले. झाबेताने शुक्रतालचे मोर्चे सज्ज केले आणि गंगेच्या पलीकडच्या तीरावर उताराउतारांशी चौक्या बसविल्या. तीच नदी, तेच घाट, तोच कोट. समोर शिंद्यांचीच फौज; आणि तिचा धनी आता दत्ताजीचा धाकटा भाऊ, पानिपतात पायावर घाव झेलून लंगडा झालेला महादजी.

ह्या वेळी मराठ्यांनी शुक्रतालापुढे पाच महिने घालविले नाहीत. फेब्रुवारीत, गंगेचे पाणी हिवाळ्याने उतरलेले असताना, त्यांनी वर हरिद्वाराजवळ चंडीघाटाचा उतार हेरला आणि तेथून पात्रात घोडे घातले. मिर्झा नजफखान आणि बादशाही फौज सोबत होती. पलीकडच्या चौकीवर निकराची लढाई झाली, रोहिल्यांचे सरदार पडले, आणि फळी फुटली. झाबेताखान पळाला. शुक्रतालचा कोट समोरून फोडण्याची गरजच उरली नाही. नदीपलीकडचे घर गेल्यावर उंबरठा कोण राखणार? पुढे पत्थरगडही हाती आला. पानिपतानंतर तेथे अडकून पडलेल्या मराठ्यांच्या बायका-मुलांची तेव्हा सुटका झाली, असे आपल्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. अकरा वर्षांनी ती माणसे मोकळी झाली.

दत्ताजीचा बेत आणि महादजीचा बेत ह्यांत तत्त्वतः भेद नाही. गोविंदपंत गेले तीच वाट, वरून गंगा उतरून पाठीशी जाणे. मग एकदा अपयश व एकदा यश का? प्रामाणिकपणे पाहिले तर काही भेद दैवाचे आहेत. १७७२ मध्ये अब्दाली येत नव्हता, शुजाउद्दौला वेळेवर आडवा आला नाही, आणि बादशहा आपल्या बाजूस होता. परंतु एक भेद बुद्धीचा आहे. १७५९ मध्ये मुख्य सैन्य कोटापुढे खिळून राहिले आणि नदीपार गेली ती एक तुकडी. १७७२ मध्ये नदीपार जाणे हेच मुख्य काम ठरले. कोट पुलावर जगतो हे ओळखले म्हणजे कोटाशी झगडत बसण्याचे कारण राहत नाही.

सतलजेचा दाखला

पूल हाच कोटाचा प्राण, ह्याचा सर्वांत दारुण पुरावा मराठ्यांच्या इतिहासाबाहेर, पंजाबात मिळतो. इ. स. १८४६ च्या आरंभी शीख सैन्याने सतलजेच्या दक्षिण तीरावर, म्हणजे इंग्रजांच्या बाजूस, सोब्राओं येथे अर्धचंद्राकार मोर्चे घातले होते. पाठीशी सतलज, आणि तिच्यावर नावांचा पूल. हर्बन नावाच्या एका स्पॅनिश माणसाने आखणीस साह्य केले होते, आणि त्या मातीच्या तटावर साठांहून अधिक तोफा होत्या. एक व्यंग मात्र राहून गेले. उजव्या टोकाकडील जमीन रेताड होती. तेथे तट हवा तितका उंच चढेना.

१० फेब्रुवारी रोजी इंग्रज सेनापती गफ ह्याने हल्ला चढविला. तोफांच्या माऱ्याने मातीचे फारसे बिघडले नाही. पण त्या रेताड टोकाकडून पायदळ आत घुसले. पहिल्या धडकेस शिखांनी त्यांस बाहेर फेकले. पुढे मात्र तिन्ही अंगांनी दाब वाढला, आणि शिखांचा मुख्य सरदार तेजसिंग पूल ओलांडून निघून गेला. त्याच वेळी पूल मध्येच तुटला. तो मुद्दाम तोडला की भाराने तुटला, ह्याविषयी मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. पावसाने सतलज फुगलेली होती. मागे पाणी आणि पुढे संगिनी, अशा पेचात हजारो माणसे सापडली. वृद्ध शामसिंग अटारीवाले शुभ्र वस्त्रे लेवून, परत न फिरण्याची शपथ घेऊन आले होते. ते लढता लढता पडले. शिखांची हानी इंग्रजांनी आठ ते दहा हजारांच्या घरात अंदाजिली, आणि त्यांतील पुष्कळशी नदीत बुडून झाली. इंग्रजांकडील मृत व जखमी सुमारे चोवीसशे होते.

नजीबाचा कोट आणि शिखांचा कोट रचनेने एकाच जातीचे. माणसांच्या धैर्यात तर सोब्राओंचे शीख कोणास हार जाणारे नव्हते. एकाच्या पाठीशी पूल शाबूत होता आणि पलीकडे साह्य करणारा शेजारी होता. दुसऱ्याचा पूल आणि सरदार दोन्ही एकाच प्रहरात नाहीसे झाले.

उपसंहार

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, ह्या जुन्या मातीच्या ढिगांशी आज आपणांस काय कर्तव्य? धूळकोटाचे अवशेष दगडी गडांप्रमाणे टिकत नाहीत. चार पावसाळ्यांत खंदक बुजतो, तट बसतो, शेतकरी नांगर फिरवितो, आणि नदी पात्र बदलून उरलेसुरले घेऊन जाते. त्यामुळे ह्या कोटांस यात्रा नाहीत, वर्णने नाहीत, पोवाडे तर नाहीतच. स्मृती दगडास चिकटते. मातीस चिकटत नाही. म्हणूनच घरातील जाणत्या माणसांनी ती सांगावी लागते, आणि सांगताना पुरी सांगावी लागते.

पुरी सांगावी ह्या शब्दावर माझा भर आहे. आपल्या पराभवाची कथा सांगताना अमक्याने दगा दिला, तमक्याने ऐकले नाही, असे म्हणून मुलांच्या मनात राग भरणे सोपे असते. मी ते अनेक वर्षे केले. मुलांनी माझ्यापासून नजीबाचा द्वेष घेतला. नदीचा उतार कसा पाहावा, पावसाळ्यापूर्वी काय करावे, पुलाचे पलीकडचे टोक कोणाच्या हाती आहे हे का विचारावे, ह्यांपैकी काही त्यांस माझ्याकडून मिळाले नाही. महादजी शुक्रतालास परत गेला तेव्हा त्याच्याही मनात राग होता. भाऊ गेला होता, पुतण्या जनकोजी गेला होता. पण कोटापुढे पोहोचल्यावर त्याने रागास नव्हे, नदीस विचारले. ते मुलांस सांगावयाचे राहून गेले, ह्याची रुखरुख मला आहे.

हे सर्व मी त्या संध्याकाळी नातवास त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितले. थोरली नातही पणत्या लावता लावता ऐकत होती. ऐकून झाल्यावर तो काही बोलला नाही. अंगणात गेला, गडाच्या महाद्वारावरचे दोन मावळे उचलले आणि काड्यापेट्यांच्या पुलाच्या पलीकडच्या टोकाशी नेऊन उभे केले. नातीने विचारले, "मग दरवाजा कोण राखणार?" तो म्हणाला, "हेच."